यादीत नसलेला मल्लेशम

आमच्या घरात मराठी माझ्या दप्तरातून आली. अम्मा आणि नायना, म्हणजे माझे आई-वडील, आपसांत तेलुगूच बोलायचे, भांडणंही तेलुगूतच व्हायची. अम्मा बाजारात जी मराठी वापरायची तिच्यात क्रियापदं कमी आणि हातवारे जास्त असत. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची गल्ली, बहुतेक घरं आमच्यासारख्याच विणकरांची. समोरच्या घरात चार यंत्रमाग होते. ते सुरू झाले की आमच्या मांडणीवरच्या पेल्यांना बारीक थरथर सुटायची. दोन बायका दारात उभ्या राहून बोलायच्या त्याही मागांच्या वर आवाज चढवून. मधेच वीज गेली की सगळ्या गल्लीला एकमेकांचं बोलणं लख्ख ऐकू यायचं आणि माणसं ओशाळून आवाज खाली आणायची. आज मी शांत सोसायटीत राहते. शेजारी तक्रार करतात की काकू फोनवर फार मोठ्यानं बोलतात. मी ऐकून घेते.

नायना मिलमध्ये बॉयलरवर होते. घरी आले की न्हाणीत बराच वेळ अंग घासायचे, तरी कानामागची काजळी कधी पुरती गेली नाही. बोलणं बेताचं. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि पच्चीपुलुसू असलं की त्यांना दुसरं काही नको असायचं. पच्चीपुलुसू म्हणजे चिंचेचं न उकळलेलं पाणी, त्यात भाजून चुरडलेली मिरची आणि कांदा. ते वाटी तोंडाला लावून प्यायचे आणि डोळे मिटायचे. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मला त्या मिटलेल्या डोळ्यांनीच मिळाली आहेत. मिलच्या भोंग्याला एवढा आवाज कुठून येतो, बॉयलरमधली वाफ किती वजन उचलेल, असले माझे प्रश्न. "काहीबी उचलती," ते म्हणायचे, "धरून ठेवणारं मजबूत पाहिजे."

अम्मा विड्या वळायची. दुपारी गल्लीत भिंतीची सावली पडली की आठ-दहा बायका आपापली सुपं मांडीवर घेऊन तिथं जमायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापानं ती कापायची कात्री, तंबाखूची डबी, दोऱ्याचं रीळ. बोटं चालू, तोंडं मोकळी. मी अकरावीत, म्हणजे शाळेतल्या तेव्हाच्या मॅट्रिकला होते. वाचनालयातून पुस्तक आणून मी त्यांना वाचून दाखवायचे, अवघड आलं की तेलुगूत सांगायचे. एकदा अशी एक रहस्यकथा आणली की जिची शेवटची आठ-दहा पानं कुणी फाडून नेली होती. हे मला कळलं तेव्हा खुनी अजून सापडायचा होता आणि बायकांचे श्वास अडकले होते. थांबायची हिंमत झाली नाही. मी पुठ्ठ्याकडं बघत तशीच पुढं वाचत राहिले. खुनी पकडला, त्याला पळवला, पुन्हा पकडला. समोरच्या घरची राजमणी वयानं माझ्याहून थोडीच मोठी, तिचे डोळे तीक्ष्ण. "पान उलटीना झालीस की गं तू," ती म्हणाली. "हे पुस्तकातलं न्हाय. हिच्या पोटातलं हाय." मला वाटलं आता शिव्या बसणार. पण ती म्हणाली, "उद्याबी पोटातलंच सांग. पुस्तकापेक्षा बरं हाय."

अशी माझी गोष्ट सुरू झाली; रात्री वहीत लिहायची आणि दुपारी बायकांना वाचून दाखवायची. सोलापूरला जे प्रत्येक पोराला माहीत असतं ते मी घेतलं: इंग्रजांच्या काळात गोळीबार झाला, लोक चिडले, पोलीस शहर सोडून गेले, तीन-चार दिवस शहर लोकांच्या ताब्यात राहिलं आणि मग लष्कर आलं, मार्शल लॉ लागला, चौघांना फाशी झाली. शाळेच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात संपायचं. मला ते तीन-चार दिवस सोडवत नव्हते. मोकळं शहर, बंद मिल, गार पडत चाललेले बॉयलर आणि हजारो कामकरी माणसं. त्यांनी त्या दिवसांत काय केलं असेल? मी ठरवलं की त्यांनी विमान बांधलं. मिलच्या कापडाचा प्रचंड फुगा, खाली छोटा बॉयलर, वाफ फुग्यात, आणि त्याच वाफेवर फिरणारे दोन पंखे.

ते विमान मी एकटीनं बांधलं असं म्हटलं तर खोटं होईल. पहिल्याच दिवशी अम्मा म्हणाली की कापडातनं वाफ निसटून जाईल. मी म्हटलं, खळ लावली. सगळ्या हसल्या. विणकराच्या पोरीला एवढंही कळू नये, खळ पाण्यात विरघळते! जवसाचं तेल लाव, एकीनं सुचवलं, वाळलं की कातड्यासारखं होतंय. रात्री जेवताना नायनांनी दुसरी खोट काढली. वाफ वर गार हवेत गेली की तिचं पाणी होणार आणि फुगा खाली येणार. मी दोन दिवस रडकुंडीला आले. मग राजमणीच म्हणाली, "गार होतंय तर चादर पांघर की त्याला." सोलापुरात यापेक्षा सोपं काय होतं? आमचं विमान दुहेरी चादरीचं झालं, फुलाफुलांचं, लाल काठाचं. परवा माझी नात सई ती जुनी वही चाळत म्हणाली, "आजी, याला स्टीमपंक म्हणतात. जगभर लिहितात लोक असं. खरा इतिहास घ्यायचा आणि त्यात वाफेवरची यंत्रं सोडायची." मी तिला म्हटलं, आमच्या गल्लीत याला इमानाची गोष्ट म्हणायचे.

त्या बायकांत नरसम्मा सगळ्यांत मोठी. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. तिचे हात सगळ्यांत चपळ आणि तोंड सगळ्यांत बंद. गोष्टीवर ती कधी बोलली नव्हती. मी गोळीबाराचं प्रकरण वाचलं त्या दिवशी मात्र तिनं कात्री खाली ठेवली. मी मोठ्या जोशात लिहिलं होतं, घोषणा, किंकाळ्या, धावपळ, रक्ताचे पाट.

"तसं नव्हतं," ती म्हणाली.

"तू होतीस तिथं, अव्वा?"

"नंतर गेले. ओरडणं नव्हतंच. रस्त्यात कोणच नव्हतं. नुसत्या चपला पडलेल्या. लई चपला. मी दहा-अकरा वर्साची. आमच्या अम्मानं पाठवलं, मल्लेशची चपल हाय का बघून ये म्हणून. त्याच्या चपलेला खाली मशीनच्या पट्ट्याचा तुकडा ठोकलेला. मी एकेक उलटी करून बघत होते."

मल्लेशम तिचा थोरला भाऊ. मिलच्या बॉयलरला कोळसा ओढायचा. त्या सकाळी भाकरी बांधून बाहेर पडला तो परत आला नाही. मी विचारलं, चपल सापडली का?

"न्हाय. सापडली न्हाय म्हणून अम्मा खूश झाली. चार दिवस खूश होती."

नंतर त्यांनी दवाखान्यात विचारलं, मार्शल लॉ उठल्यावर कचेरीत विचारलं, तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना विचारलं. मल्लेशम कुठंच नव्हता. दरवर्षी शहरात त्या हुतात्म्यांची आठवण काढतात, नावं वाचतात, त्यातही तो नव्हता. हे सगळं तिनं विडीला दोरा गुंडाळत सांगितलं. बाकीच्या बायका इतकी वर्षं तिच्या शेजारी बसत होत्या, त्यांनाही माहीत नव्हतं. सूप आवरून उठताना ती माझ्याजवळ थांबली.

"त्याला घे की तुझ्या इमानात."

"घेते, अव्वा."

"पण झालेलं हलवू नको. ज्यांचे पुतळे हायत त्यांना तितंच ठेव. गोळ्या सुटल्या त्या सुटल्या, माझी अम्मा रडली ती रडली. ज्याचं कुणालाच म्हाईत न्हाय, तेवढंच तू घे."

पुढं आयुष्यभर लिहिताना मी हाच नियम पाळला. मोठमोठ्या चर्चासत्रांत इतिहास आणि कल्पना यांची सीमा कुठं, यावर विद्वान बोलतात तेव्हा मी मागच्या रांगेत बसून नरसम्माचं ते वाक्य मनात म्हणते. मी ते प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं. घोषणा काढल्या. रिकामा रस्ता ठेवला आणि चपला ठेवल्या. आणि मल्लेशमला त्या रस्त्यावरून पळत मिलच्या मागच्या दारानं आत घेतलं, जिथं बायका चादरी शिवत होत्या.

शाळेतल्या मराठीच्या शेटेबाईंनी वही वाचली आणि मला न विचारता एका वाचनालयाच्या ऐतिहासिक कथास्पर्धेला पाठवून दिली. महिन्याभरानं निरोप आला, पहिला नंबर, पण परीक्षकांना आधी भेटायचं आहे. परीक्षक म्हणजे हिरेमठ सर, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वाचनालयाच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटासमोर बसलेले. त्यांनी मला खुर्ची दिली. मोठ्या माणसानं मला खुर्ची देण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

"फार छान लिहितेस," ते म्हणाले. "चपलांचं वाचून मला झोप आली नाही. विमानही राहू दे, ते काही कुणी खरं मानणार नाही. अडचण मल्लेशमची आहे."

"काय अडचण, सर?"

त्यांनी कपाट उघडून वह्यांची चळत दाखवली. मेलेल्यांची, जखमींची, तुरुंगात गेलेल्यांची नावं. घरोघर फिरून, म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडून त्यांनी ती वर्षानुवर्षं गोळा केली होती. "यात मल्लेशम नाही. तू खरे रस्ते घेतलेस, खरा गोळीबार घेतलास आणि त्यात हे नाव घातलंस. उद्या एखादं पोर हे वाचून त्याला इतिहासात बसवेल. मग माझ्या वह्यांना काय अर्थ राहिला? नाव काढ. 'एक कामगार' म्हण."

"तो खरा आहे, सर. त्याची बहीण आमच्या गल्लीत आहे."

"बहिणीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, बाळ."

ते प्रेमानंच बोलत होते. तेच मला जास्त लागलं. मी म्हटलं, "तो मेलेल्यांच्या यादीत नाही म्हणता ना? मग तो मेला असं तुम्हीपण म्हणू शकत नाही. मी त्याला जिवंत ठेवला तर तुमची यादी कुठं खोटी पडते?"

सरांनी चष्मा काढला. क्षणभर वाटलं हसतील. पण त्यांचा चेहरा कठीण झाला. "वकिली करू नकोस. रविवारी बक्षीस समारंभ आहे. तिथं तुला दोन पानं वाचायची आहेत, आणि कथा वार्षिक अंकात छापायची आहे. नाव काढून नवी प्रत आण. नाहीतर दुसऱ्या नंबराला पहिला करावं लागेल."

घरी आले तर अम्मानं सगळ्या गल्लीला आधीच सांगून टाकलेलं, आमच्या रेणूचं नाव छापून येणार. तिला अट सांगितली. ती म्हणाली, "एक नाव काढायला काय जातंय? बाकी सगळं तुझंच राहतंय की." मी नरसम्माकडं गेले. वाटलं होतं ती चिडेल आणि मला बळ येईल. तिनं मान वर केली नाही. "काढ की गं. मी काय वाचणार हाय का? छापून यायचं सोडू नको त्याच्यापायी." मला हिरेमठ सरांपेक्षा त्या वेळी तिचाच राग आला. इतक्या सहज? पण तिच्या हातातली विडी सैल वळली गेली होती. तिनं ती उलगडून पुन्हा वळली, पुन्हा उलगडली.

रात्री नायनांना अम्मानंच सांगितलं. त्यांनी भाकरी संपवली, वाटी तोंडाला लावली. नंतर म्हणाले, "आज बॉयलरचा काटा बिघडला. काट्यावर शून्य. नवीन साहेब म्हणाले, शून्य हाय म्हणजे वाफ न्हाय, झाकण काढा. मी न्हाय काढलं."

"मग?" अम्मानं विचारलं.

"मग काय. वाफ होती."

आणि ते हात धुवायला उठले.

रविवारी वाचनालयाचं सभागृह भरलेलं. मी अम्माची हिरवी इरकल नेसले होते. ती लांबीला जास्त होत होती. सकाळी शेटेबाईंच्या हातात नवी प्रत दिली तेव्हा त्यांनी उघडून बघितली नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभी राहिले आणि वाचायला सुरुवात केली. चपलांचा रस्ता आला. मग मी वाचलं, "त्या चपलांमधून, पायातली चपल न सोडता पळणाऱ्या पोराचं नाव मल्लेशम."

"थांब," पहिल्या रांगेतून हिरेमठ सर उठले. "हे ठरलं नव्हतं."

मी थांबले नाही. वाचनालयाचे चिटणीस लगबगीनं बाजूला गेले आणि माइक बंद झाला. लोकांना वाटलं आता मुलगी रडत खाली उतरणार. पण मी चार मागांसमोर वाढलेली. मी आवाज चढवला, आमच्या दारातून समोरच्या दाराशी बोलतात तसा. पुढच्या रांगेतली दोन-तीन माणसं उठून गेली. कुणीतरी म्हणालं, "काय हा उद्धटपणा." मागून एक बाई ओरडली, "वाचू द्या की पोरीला!" मी दोन्ही पानं वाचली. मल्लेशम हे नाव त्यात सहा वेळा येत होतं. सहाही वेळा घेतलं. मग खाली उतरून माझ्या जागेवर न जाता सरळ दाराबाहेर गेले. पहिलं बक्षीस दुसऱ्या मुलीला मिळालं, टाळ्या बाहेर ऐकू आल्या. अम्मा माझ्यामागोमाग आली होती. गल्लीच्या तोंडाशी म्हणाली, "आवाज मागंपर्यंत येत होता."

हिरेमठ सरांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. खूप वर्षांनी, माझी पुस्तकं निघाल्यावर, वैरागला एका लग्नात एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. मोठ्या गंभीरपणे म्हणाले, आमच्या वडिलांनी तुमचं ते चादरीचं विमान स्वतः पाहिलं होतं, ज्वारीच्या रानावरून जाताना. मला हसू आलं आणि लगेच सरांची आठवणही झाली. पण पुन्हा तो माइक माझ्यासमोर ठेवला तर मी तेच वाचेन.

त्या समारंभानंतर पाच-सहा दिवसांनी, दुपारी, सायकल हातात धरून हिरेमठ सर आमच्या गल्लीत आले. मला वाटलं तक्रार करायला. बायकांनी पदर सावरले. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि विचारलं, "मल्लेशमच्या बहीण कोण?"

नरसम्मानं कात्री हलवली, मी म्हणून.

सरांनी पिशवीतून वही काढली, त्या कपाटातल्या वह्यांसारखीच. घाम पुसला. "आजवर या गल्लीत मी आलो नव्हतो," ते म्हणाले. "माझी चूक झाली. भावाचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा. मी मेलेल्यांच्या यादीत घालतो. शंकेची खूण करून घालीन, पण घालीन."

मी जिंकले होते. मी नरसम्माकडं बघितलं. तिनं हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला.

"नको," ती म्हणाली.

"का, आजी? तुमचा भाऊ आहे."

"तुमची यादी मेलेल्यांची हाय. आमचा मल्लेश गेलाय. मेला न्हाय."

सर उघड्या वहीवर पेन धरून उभे राहिले. मला तर तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी त्याच्यासाठी बक्षीस सोडलं, शेटेबाईंचं मन दुखवलं, आणि ही नको म्हणते! पण तिच्या तोंडावर मी पहिल्यांदाच काहीतरी ताठ बघितलं. इतकी वर्षं सरकारनं, शहरानं, शाळेच्या पुस्तकानं तिला विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर उत्तर तिचं होतं.

"त्याला हिनं इमानात बसवलाय," ती सरांना म्हणाली. "तितंच राहू दे. तुमाला ऐकायचं आसल तर बसा. ती आता वाचणार हाय."

सरांनी वही मिटली. इकडंतिकडं बघितलं. राजमणीनं तंबाखूचा रिकामा डबा पालथा घालून पुढं सरकवला. एवढे मोठे हिरेमठ सर त्या डब्यावर बसले, गुडघे जवळ घेऊन. अम्मा चहा टाकायला आत गेली. मी वही उघडली आणि वाचायला लागले. विमान मिलच्या पटांगणातून सुटलं, चिमणीला घासून वर गेलं, लष्कराची गाडी खाली मुंगीएवढी झाली.

"एक मिनिट," सर म्हणाले. "त्या वेळी लष्कर ज्या बाजूनं आलं—"

"सर," राजमणी म्हणाली, "गप ऐका की."

मी पान उलटलं. विमान कुर्डुवाडीच्या स्टेशनावर आलं होतं, खाली शिपायांनी बंदुका वर केल्या होत्या, आणि मल्लेशम वाकून भट्टीत कोळसा टाकत होता.